इस्रोचं लाँच घरी बसून कसं बघायचं, आणि टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या

तर मंडळी, आपल्याकडे लाँच बघायची पद्धत ठरलेली आहे. उड्डाणाच्या दोन मिनिटं आधी टीव्ही लावायचा, दहा नऊ आठ मोजायचं, धूर निघाला की टाळ्या, ग्रुपवर तिरंगे, आणि रॉकेट ढगात शिरलं की चॅनेलवाले परत स्टुडिओत आणि आपण चहा टाकायला. ह्यात गैर काही नाही, पण खरा खेळ तिथून पुढे पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि इस्रोच्या मोठ्या अपयशांपैकी बरीचशी धूर विरून गेल्यावर, आपण कपबशा विसळत असताना घडलेली आहेत. म्हणून हा उद्योग. कुठलं रॉकेट आहे, कितव्या मिनिटाला काय होणार, जीव मुठीत कधी धरायचा, एवढं कळलं की त्याच लाँचमध्ये साठ वर्षांचा इतिहासही दिसायला लागतो आणि पुढच्या ज्या घोषणा पेपरात येतात त्यातली कुठली धरायची कुठली सोडायची तेही बऱ्यापैकी समजतं. फिजिक्स दहावीपुरतं पुरे.

आधीची तयारी

पहिलं काम, न्यूज चॅनेल बंद. कंट्रोल रूममधला माणूस कामाचं वाक्य बोलत असतो नेमका तेव्हाच अँकरला कंठ फुटतो. इस्रोच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर लाँचच्या साधारण अर्धा तास आधी थेट प्रसारण सुरू होतं, ते लावा आणि आवाज मोठा ठेवा. कॉमेंट्री जरा रटाळ असते, मान्य, हिंदी-इंग्रजी आलटून पालटून चालते, मधेच पाहुण्यांची ओळख करून देतात, पण कामाचं सगळं त्यातच असतं.

दुसरं काम ह्याहून महत्त्वाचं आणि ते शंभरातला एखादाच करतो. प्रत्येक मिशनच्या आधी इस्रो आपल्या साइटवर माहितीपुस्तिका टाकते, पीडीएफ असते. रंगीत चित्रं बघून झाली की त्यातलं एक टेबल शोधायचं ज्यात घटना, वेळ, उंची आणि वेग असे रकाने असतात. पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा इंधन संपलं की गळून पडणारा भाग, सुटणार इतक्या सेकंदाला, तेव्हा उंची इतकी किलोमीटर, वेग इतका. हे टेबल वहीत उतरवून घ्या. घरात पोरं असतील तर हे काम त्यांना द्या, समोरच्या स्क्रीनवर आकडा आला की टिक करत बसतात आणि आपल्याला नीट ऐकूही येतं.

तारीख आधी हवी असेल तर पेपरची वाट बघायची गरज नाही. लाँचच्या आधी विमानांना आणि जहाजांना बंगालच्या उपसागरातला ठराविक पट्टा टाळायची सूचना जाते, विमानांसाठीच्या त्या सूचनेला नोटॅम म्हणतात आणि ती सगळ्यांना वाचायला खुली असते. पट्ट्याची दिशा बघून रॉकेट दक्षिणेला जाणार की पूर्वेला हेसुद्धा कळतं. फक्त एक, ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात त्यांचेही नोटॅम निघतात, तेव्हा पट्टा श्रीहरिकोटापासून सुरू होतोय ना तेवढं बघा, नाहीतर ग्रुपवर भलतीच ब्रेकिंग न्यूज टाकाल.

नावं वाचायचीही एक रीत आहे. पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम३ आणि छोटं एसएसएलव्ही ही इस्रोची रॉकेटं. पुढे डी असलं, म्हणजे एसएसएलव्ही-डी१ वगैरे, की ते रॉकेट अजून चाचणीवर आहे असं समजा. पीएसएलव्हीला सी, जीएसएलव्हीला एफ आणि एलव्हीएम३ ला एम लागला म्हणजे ते कामाला लागलेलं. आणि सगळी विज्ञाननिष्ठा असूनही पीएसएलव्ही-सी१२ नंतर थेट सी१४ आलेलं आहे, १३ नंबर शोधू नका, सापडणार नाही.

उलटी मोजणी चालू असताना

शेवटच्या पंधरा मिनिटांच्या आसपास मिशन डायरेक्टर परवानगी देतो आणि मग सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात जातं. इथून पुढे माणसाने काही करायचं नसतं, कॉम्प्युटर शेकडो गोष्टी तपासत असतो आणि एक जरी खटकली तरी तो थांबतो. थांबला की आपल्याकडे लगेच "फेल गेलं" सुरू होतं. तसं नसतं हो. थांबणं ही चांगली खबर असते.

२८ मार्च २००१ ला पहिलं जीएसएलव्ही पॅडवर, म्हणजे उड्डाणाच्या ओट्यावर होतं, बाजूची चार बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जादा जोर देणारी रॉकेटं, पेटलीसुद्धा, त्यातल्या एकाने पुरेसा जोर दिला नाही हे कॉम्प्युटरने पकडलं आणि उड्डाणाच्या सेकंदभर आधी सगळं बंद केलं. तेच रॉकेट १८ एप्रिलला उडालं. चांद्रयान-२ तर १५ जुलै २०१९ च्या पहाटे छप्पन्न मिनिटं बाकी असताना थांबवलं, अर्धा देश जागा होता, शिव्या घातल्या लोकांनी, आणि आठवड्यात २२ तारखेला ते व्यवस्थित गेलं. गगनयानच्या, म्हणजे माणसं वर न्यायच्या मोहिमेच्या, पहिल्या चाचणी उड्डाणात, २१ ऑक्टोबर २०२३ ला, पाच सेकंद उरले असताना मोजणी थांबली, चूक सापडली, आणि दहा वाजता तेच रॉकेट उडालं, म्हणजे ज्यांनी वैतागून टीव्ही बंद केला त्यांचं लाँच हुकलं. तेव्हा थांबलं तरी उठू नका.

कधी कधी वेळ मिनिट-दोन मिनिटांनी सरकवतात. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्सचं, म्हणजे वर दोन सॅटेलाइट एकमेकांना जोडून बघायच्या प्रयोगाचं, लाँच ९.५८ वरून १० वर नेलं, कारण त्या वेळेला वाटेत दुसरा सॅटेलाइट जवळ येत होता. वर आता इतकी गर्दी झालीये.

पीएसएलव्ही, मिनिटामिनिटाने

पीएसएलव्ही आजवर सगळ्यात जास्त वेळा उडालंय, म्हणून आधी तेच शिकून घ्या. ४४ मीटर उंच, वजन ३२० टनांच्या घरात, चार टप्पे, त्यात एकाआड एक घन आणि द्रव इंधन. मोठ्या प्रकारात बाजूला सहा बूस्टर असतात, त्यातले चार जमिनीवरच पेटतात आणि उरलेले दोन साधारण पंचविसाव्या सेकंदाला हवेत. स्क्रीनवर नीट बघितलंत तर जाळ मधेच जाड झाल्यासारखा दिसतो, तो हाच क्षण.

पहिल्या पावणेदोन-दोन मिनिटांत बूस्टर आणि पहिला टप्पा गळून पडतो. हा भाग घन इंधनाचा, एकदा पेटला की विझवता येत नाही, आणि इस्रोचा जुना हातखंडा आहे तो हाच. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून जे पहिलं रॉकेट गेलं ते अमेरिकन होतं, नाइके-अपाचे, जवळच्या चर्चमध्ये ऑफिस होतं आणि विक्रम साराभाईंनी जमवलेली पोरंसोरं होती. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे त्या सुरुवातीच्या मंडळींतले, पुढे ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झाले. तिथून सतरा वर्षांनी, १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ ह्या आपल्या रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी सॅटेलाइट कक्षेत सोडला, चारही टप्पे घन इंधनाचे, कलाम प्रोजेक्ट डायरेक्टर, आणि हे घन इंधनाचं काम ज्यांनी उभं केलं त्यात आपले वसंत गोवारीकर. त्याच्या आधीचं १० ऑगस्ट १९७९ चं उड्डाण मात्र पाचेक मिनिटांत समुद्रात गेलं होतं. तेव्हा पहिला टप्पा बघताना थोडा अभिमान इंदापूर तालुक्यालाही वाटायला हरकत नाही, कारण ह्या रॉकेटांच्या मोटरची पोलादी कवचं वालचंदनगरला बनत आली आहेत.

मग दुसरा टप्पा, द्रव इंधन, विकास इंजिन. हे मुळात फ्रेंच वायकिंग इंजिनाचं भावंड. सत्तरच्या दशकात करार झाला, बदल्यात आपले इंजिनिअर त्यांच्याकडे काम करायला गेले, शिकून आले आणि इथे बनवलं. आज ही इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार होतात, म्हणजे लोकलमधून रोज ज्या फाटकासमोरून जातो त्याच्या आत रॉकेटचं इंजिन जुळवतायत हे कुणाच्या गावी नसतं. हा टप्पा चालू असतानाच नाकावरचं झाकण, हीट शील्ड, दोन भागात फुटून पडतं. इथे कान टवकारा. "हीट शील्ड सेपरेटेड" हे वाक्य आलंच पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१७ ला सी३९ मध्ये ते आलं नाही. चारही टप्पे छान चालले, पण टनभर वजनाचं झाकण तसंच डोक्यावर घेऊन रॉकेट जात राहिलं, वेग कमी कमी पडत गेला, आणि शेवटी सॅटेलाइट सुटला तो झाकणाच्या आतल्या आत. ज्यांच्याकडे ते टेबल होतं त्यांना वेगाच्या आकड्यावरून गडबड आधीच कळली असणार.

साधारण चार मिनिटं वीस सेकंदांनी दुसरा टप्पा संपतो आणि तिसरा पेटतो. सध्या पीएसएलव्ही बघायचं तर जीव मुठीत धरायची जागा ही. १८ मे २०२५, सी६१, दोन टप्पे अगदी रेषेवर आणि तिसऱ्यात मोटरमधला दाब घसरला, ईओएस-०९ हा सॅटेलाइट गेला. १२ जानेवारी २०२६ ला सी६२, पुन्हा तिसऱ्याच टप्प्याच्या शेवटाला गडबड आणि सॅटेलाइट गेले. ज्या रॉकेटने २०१७ च्या फेब्रुवारीत एका फेरीत १०४ सॅटेलाइट सोडले, चांद्रयान-१ नेलं, मंगळयान नेलं, आदित्य नेलं, त्याचं लागोपाठ दोनदा एकाच टप्प्यात बिनसावं हे साधं नाही आणि मला विचाराल तर पहिल्या अपघाताचा अहवाल लोकांसमोर ठेवायला हवा होता. पुढचं पीएसएलव्ही उडेल तेव्हा चौथ्या मिनिटापासून आठव्या मिनिटापर्यंत कुणाचा फोन घेऊ नका.

बिनसलं हे ओळखायचं कसं? स्क्रीनवर एक ग्राफ असतो, त्यावर आधीच आखलेली एक रेघ आणि तिच्यावरून सरकणारा ठिपका. ठिपका रेघेवर आहे तोवर सगळं ठीक. दर थोड्या वेळाने "परफॉर्मन्स नॉर्मल" असा आवाज येतो, हा आवाज यायचा थांबला आणि कॅमेरा एकदम खुर्चीतल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून फिरून पुन्हा बाहेरच्या इमारतीवर गेला की समजायचं. दर वेळी शांतता म्हणजे वाईट असंही नाही हां, रॉकेट एका ट्रॅकिंग स्टेशनच्या टप्प्यातून बाहेर आणि दुसऱ्याच्या टप्प्यात अजून यायचंय असं असतं तेव्हाही डेटा तुटतो.

आणि उंचीकडे बघून फसू नका. लोक म्हणतात तीनशे किलोमीटर वर गेलं म्हणजे पोचलं. वर जाणं त्या मानाने सोपं, आडवं धावणं अवघड. कक्षेत राहायला सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास आडवा वेग लागतो, तो नसेल तर कितीही उंच गेलेली वस्तू खाली येणारच. मधे तर इंजिन बंद ठेवून रॉकेट नुसतंच तरंगत जातं, मग चौथा टप्पा पेटतो, छोटासाच असतो, दोन इंजिनांचा, पण शेवटची ढकल तोच देतो. एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात, ७ ऑगस्ट २०२२ ला, हाच हिशोब चुकला. सगळे टप्पे पेटले, सॅटेलाइट सुटलेसुद्धा, पण ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ मध्ये, म्हणजे एका टोकाला ३५६ आणि दुसऱ्या टोकाला ७६ किलोमीटर. शहात्तर किलोमीटरवर हवा असते, संपलं. पुढच्या फेब्रुवारीत दुसरं उड्डाण नीट झालं.

तर टाळ्या? सतराव्या-अठराव्या मिनिटाला सॅटेलाइट वेगळा झाल्याची घोषणा होते आणि मिशन डायरेक्टर उठून उभा राहतो, तेव्हा. त्याआधी नाही.

जीएसएलव्ही आणि बाहुबली

जीएसएलव्ही असेल तर लक्ष शेवटच्या, क्रायोजेनिक टप्प्यावर ठेवा. इंधन म्हणजे द्रव हायड्रोजन, उणे २५३ अंश, सोबत द्रव ऑक्सिजन उणे १८३ ला. इतक्या थंड वस्तू टाकीत ठेवायच्या, पंपाने ओढायच्या आणि हवेच्या बाहेर पेटवायच्या. हे तंत्र आपण १९९१ मध्ये रशियाकडून विकत घ्यायचं ठरवलं, अमेरिकेने निर्बंध लावले, रशियाने तंत्र द्यायचं रद्द करून तयार सात टप्पे दिले, आणि आपल्याला स्वतः बनवायला २०१४ उजाडलं. मधे काय काय झालं ते बघा. १५ एप्रिल २०१० ला पहिला देशी क्रायो उडाला आणि फेल गेला. १९ ऑगस्ट २०१३ ला दुसऱ्या प्रयत्नात दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळायला लागलं म्हणून ऐन वेळी थांबवलं. शेवटी ५ जानेवारी २०१४ ला डी५ गेलं एकदाचं. त्यानंतरही १२ ऑगस्ट २०२१ ला एफ१० मध्ये हायड्रोजनच्या टाकीत दाब कमी पडला आणि इंजिन पेटलंच नाही. म्हणून "क्रायो इग्निशन" ऐकू येईपर्यंत जीएसएलव्हीवर पैज लावू नये. ३० जुलै २०२५ ला ह्याच रॉकेटने निसार हा सॅटेलाइट नेला, अमेरिकेच्या नासाबरोबर बनवलेला. ज्यांनी हे इंजिन आपल्याला मिळू नये म्हणून आटापिटा केला त्यांचाच भागीदारीतला सॅटेलाइट त्याच्यावर बसून गेला, असा हा सगळा मामला.

एलव्हीएम३, ज्याला पेपरवाले बाहुबली म्हणतात, त्यात एक गंमत लक्षात ठेवा. पॅडवर फक्त बाजूचे दोन जाडजूड बूस्टर पेटतात, मधलं इंजिन बंदच असतं. ते पेटतं पावणेदोन मिनिटांनी, हवेत. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, मधलं चालू का नाही झालं? घाबरू नका, तसंच आहे ते. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ ह्यावरच गेलं आणि २४ डिसेंबर २०२५ ला सहा टनांच्या वरचा अमेरिकन ब्लूबर्ड ह्यानेच नेला, आपल्या जमिनीवरून उडालेला सगळ्यात जड सॅटेलाइट.

रॉकेट जिंकलं तरी सॅटेलाइट हरू शकतो हेही ध्यानात असू द्या. २९ जानेवारी २०२५ चं लाँच श्रीहरिकोटाचं शंभरावं होतं, सोहळा झाला, जीएसएलव्हीने काम चोख केलं, आणि नंतर त्याने सोडलेल्या एनव्हीएस-०२ ह्या सॅटेलाइटच्या थ्रस्टरला, म्हणजे कक्षा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांना, ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारा द्रव) सोडणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत. सॅटेलाइट लांबट कक्षेतच अडकला. त्यामुळे लाँचनंतर आठवडाभर इस्रोच्या साइटवर नजर टाकत राहा, ही बातमी चॅनेलवर येत नाही.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

महाराष्ट्रातून रॉकेट दिसत नाही, गच्चीवर जाऊन उपयोग नाही. आपल्या आकाशात २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, जे जळत गेलं ते चिनी रॉकेटचा टप्पा खाली येत होता, त्याचं मोठं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलं. असं काही सापडलं तर हात लावू नका, तलाठी-पोलीस पाटलांना सांगा, आत विषारी इंधन राहिलेलं असू शकतं.

श्रीहरिकोटा चेन्नईच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर आहे, आंध्रात, पुलिकत सरोवर आणि समुद्र ह्यांच्या मधे. जवळचं स्टेशन सुल्लुरूपेटा, चेन्नईहून लोकल मिळते. लोकांना बसून बघायला २०१९ पासून गॅलरी आहे, पण नोंदणी ऑनलाइन आणि ती उघडली की बघता बघता भरते, म्हणून लाँचची तारीख जाहीर झाली की रोज साइट बघायची. ओळखपत्र सोबत. परतीचं तिकीट दोन-तीन दिवस सोडून काढा आणि रद्द करता येईल असंच काढा, लाँच पुढे ढकलणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. हिवाळ्यात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरोवरात फ्लेमिंगो दिसतील, लाँच हुकलं तरी फेरी वाया जात नाही.

तिथे गेल्यावर कॅमेऱ्यात डोकं घालू नका. आधी झाडांच्या वर नारिंगी उजेड दिसतो, अगदी मुकाट, रॉकेट बऱ्यापैकी वर चढतं, आणि मग आवाज येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, उजेड दिसल्यापासून मोजा आणि तीनने भागा, पॅड किती लांब आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त वाजतो.

पुढच्या घोषणा कशा वाचायच्या

पुढच्या वर्षांबद्दल रोज काहीतरी छापून येतं. माझी पद्धत सोपी आहे. कॅबिनेटने आकड्यासकट मंजुरी दिली आहे का, आणि त्याचा एखादा सुटा भाग खरोखर वर जाऊन आला आहे का, हे दोनच प्रश्न. दोन्हीला हो असेल तर विश्वास ठेवा, वर्ष मात्र पेन्सिलने लिहा. गगनयानची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ ला झाली तेव्हा २०२२ म्हणाले होते, आता माणसांसकट उड्डाण २०२७ म्हणतात.

१८ सप्टेंबर २०२४ ला एका दिवसात बरंच मंजूर झालं. चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी, शुक्राच्या यानाला १,२३६ कोटी, नव्या मोठ्या रॉकेटला ८,२४० कोटी, आणि गगनयानचा खर्च स्पेस स्टेशनचा पहिला भाग धरून २०,१९३ कोटींवर. आता दुसरा प्रश्न लावून बघा. चांद्रयान-४ म्हणजे चंद्रावरची माती आणायची, त्यासाठी दोन रॉकेटांतून भाग पाठवून पृथ्वीभोवती जोडायचे. जोडणं? १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सच्या दोन सॅटेलाइटनी करून दाखवलं. चंद्रावरून उडणं? चांद्रयान-३ च्या विक्रमने, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या लँडरने, ३ सप्टेंबर २०२३ ला इंजिन पेटवून चाळीस सेंटिमीटरची उडी मारली होती, तेव्हा लोक हसले, पण ती उगाच मारलेली नव्हती. चंद्राकडून परत येणं? त्याच मिशनचा प्रोपल्शन मॉड्यूल, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत ढकलत नेणारा भाग, पृथ्वीभोवती परत आणला. म्हणजे तुकडे जमतायत, ही घोषणा माझ्या मते खरी. २०४० ला भारतीय माणूस चंद्रावर, ही मात्र अजून नुसती तारीख आहे, कारण ज्या रॉकेटने जायचं ते तीस टन नेणारं रॉकेट अजून कागदावरून पॅडवर यायचंय. २०३५ चं पूर्ण स्पेस स्टेशन ह्या दोन्हीच्या मधे कुठेतरी.

एक बातमी छोटी दिसते पण लक्ष ठेवण्यासारखी आहे, तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला होणारा दुसरा तळ. श्रीहरिकोटाहून दक्षिणेला जाणाऱ्या रॉकेटला श्रीलंकेवरून जाता येत नाही, म्हणून आधी आग्नेयेला जाऊन मग वळावं लागतं, त्यात इंधन जातं, आणि एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटला तो वळसा परवडत नाही. कुलशेखरपट्टिणमहून सरळ दक्षिणेला मोकळा समुद्र. खाजगी कंपन्यांचंही तिथून बरंच होईल असं दिसतंय. स्कायरूटचं विक्रम-एस २०२२ च्या नोव्हेंबरात उडालं आणि अग्निकुलचं अग्निबाण २०२४ च्या मेमध्ये, दोन्ही अजून कक्षेत जाणारी नव्हेत. एसएसएलव्ही तर बनवायलाच एचएएलकडे, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडे, चाललंय.

आणि गगनयानचं पहिलं बिनमाणसांचं उड्डाण, त्याला मात्र वर सांगितलेली टाळ्यांची वेळ लागू नाही. ते एलव्हीएम३ च आहे, पण टोकावर बारीक सुळक्यासारखा मनोरा दिसेल, रॉकेट बिघडलं तर माणसांची कुपी ओढून लांब नेणाऱ्या मोटरी त्यात आहेत. आत व्योममित्र नावाची रोबोट बसणार. कुपी चारशे किलोमीटरवर फिरून समुद्रात उतरेपर्यंत बघायचं आहे, खरी परीक्षा परतीची. छत्र्या एकूण दहा आहेत, आधी झाकण ओढणाऱ्या दोन, मग वेग कमी करणाऱ्या दोन, मग तीन छोट्या ज्या शेवटच्या तीन मोठ्यांना बाहेर ओढतात. मोठ्या तीनपैकी दोन उघडल्या तरी उतरणं सुरक्षित होतं, तशीच रचना केलीये, तेव्हा स्क्रीनवर दोनच दिसल्या तर बोंब मारू नका.